कमावणं आणि कोरणं : चामड्याची नक्षी आणि तिच्यामागचे हात

(मौदा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



ज्या माणसाचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्याला चामड्याच्या कलाकामावर बोलायला का उभं केलं, हा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर मला दिसतो आहे. त्याचं उत्तर आधी देतो. तत्त्वज्ञानाला चांभार काही नवा नाही. प्लेटोच्या ‘गॉर्जियास’ या संवादात कॅलिक्लीज नावाचा एक गृहस्थ सॉक्रेटिसवर वैतागतो. त्याची तक्रार अशी, की हा माणूस बघावं तेव्हा चांभार, परीट आणि आचारी यांच्याच गोष्टी काढतो. अथेन्समध्ये सायमन नावाचा एक चांभार होता, सॉक्रेटिस त्याच्या दुकानात बसून गप्पा मारायचा, अशी जुनी परंपरा सांगते. गंमत म्हणजे विसाव्या शतकात अथेन्सच्या जुन्या बाजारचौकाशेजारी उत्खनन झालं, तेव्हा एका घरात जोड्यांना लावायचे लोखंडी खिळे सापडले आणि जवळच एका फुटक्या पेल्याच्या बुडावर ‘सायमनचा’ असं कोरलेलं मिळालं. तो हाच सायमन की दुसरा, यावर विद्वान भांडत राहोत. आपल्यापुरतं एवढं पुरे, की आमच्या शास्त्राची एक शाळा चांभाराच्या ओट्यावरही भरली होती.

तेव्हा आज तीन गोष्टी पाहू. पहिली, चामड्यावर नक्षी उमटते ती का आणि कशी. दुसरी, आपल्या महाराष्ट्रात या कलेचं सर्वांत मोठं उदाहरण कोणतं आणि त्यात सजावट नेमकी कुठे असते. आणि तिसरी, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते : ज्या हातांनी हे केलं, त्यांच्या वाट्याला काय आलं.

कातडं आणि चामडं

आधी शब्द नीट लावून घेऊ. जनावराच्या अंगावरून निघतं ते कातडं. ते तसंच ठेवलं तर दोन गोष्टींपैकी एक होते : ओलं राहिलं तर सडतं, वाळलं तर लाकडासारखं कडक होतं. या दोन्हींतून वाचून जे मऊ, टिकाऊ आणि कामाचं होतं, ते चामडं. आणि या बदलाला मराठीत फार सुंदर क्रियापद आहे. कातडं ‘कमावणं’. आपण पैसा कमावतो, शरीर कमावतो, नाव कमावतो, आणि कातडंही कमावतो. जे फुकट मिळत नाही, ज्यात वेळ आणि घाम घालावा लागतो, तिथे मराठी माणूस हा शब्द वापरतो. चामडं हे निसर्गाने दिलेलं नाही, माणसाने कमावलेलं आहे.

कमावताना होतं काय? कातड्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात, एकमेकांत गुंतलेले, एखाद्या दाट गोधडीसारखे. कातडं आधी चुन्याच्या पाण्यात ठेवतात. त्याने केस सुटतात, तंतू फुगून मोकळे होतात. मग केस आणि आतल्या बाजूचं मांस खरवडून काढतात, चुना धुऊन काढतात. त्यानंतर झाडाच्या सालीचा काढा. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरड्याची फळं ही जुनी जोडी आहे. काही भागांत तरवडाची साल वापरत. या सगळ्यांत टॅनिन असतं. कच्ची सुपारी किंवा कच्चं केळं खाल्लं की तोंडाला जो तुरटपणा येतो, तो याच टॅनिनचा. तोंडात ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, आणि काढ्यात ते कातड्यातल्या तंतूंना धरतं. एकदा धरलं की मग तो तंतू सहज सडत नाही.

कोल्हापूरकडची एक जुनी पद्धत तर पाहण्यासारखी. कातड्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात कुटलेली साल, हिरडा आणि पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची. काढा आतून बाहेर पाझरत राहतो. खाली गळलेलं पाणी पुन्हा वरून ओतायचं. या सगळ्या कामाला आठवडे लागतात. बाभळीने तांबूस, गडद रंग येतो, हिरड्याने पिवळसर. जुन्या कोल्हापुरी जोडाचा मधासारखा रंग आपल्याला ओळखीचा वाटतो, तो मुळात या सालींचा आणि वरून दिलेल्या तेलाचा.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दुसरी पद्धत आली, क्रोमियमच्या क्षारांची. तिला आठवडे लागत नाहीत, दिवसाचा हिशोब होतो. चामडं मऊ, पाण्याला आणि उष्णतेला जास्त टिकणारं. आज जगातलं बहुतांश चामडं याच पद्धतीचं आहे. पण आजच्या विषयाच्या दृष्टीने या दोघांत एक मोठा फरक आहे.

नक्षी उमटते कशी

सालीत कमावलेलं चामडं ओलं केलं की मातीसारखं वागतं. दाबलं तर दबतं, आणि वाळलं की दाबलेलं तसंच राहतं. क्रोमचं चामडं रबरासारखं वागतं. दाबा, पुन्हा वर येतं. म्हणून जगभर जिथे जिथे चामड्यावर कोरीव किंवा ठशांचं काम आहे, तिथे सालीत कमावलेलं चामडंच घेतात. दुकानात ओळखायचं असेल तर अंगठ्याच्या नखाने हलकेच दाबून पाहा. खूण राहिली तर काम जमेल. कापलेली कडही पाहा. सालीच्या चामड्याची कड आतपर्यंत तपकिरी असते, क्रोमच्या चामड्याच्या आत बहुधा निळसर-राखाडी रेघ दिसते.

आता मुख्य पद्धती सांगतो.

पहिली, कोरणं. चामडं स्पंजाने ओलं करायचं आणि थांबायचं. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. रंग पुन्हा मूळ छटेकडे वळू लागला, पण गालाला लावलं तर अजून गार लागतं, ती वेळ कामाची. आधी केलं तर रेघ फुगून पुसट होते, उशीर झाला तर ठसा नीट बसत नाही. मग नक्षीची बाह्यरेघ पात्याने कापायची, चामड्याच्या जाडीच्या साधारण अर्ध्यापर्यंतच. त्या रेघेची एक बाजू छोट्या हत्याराने ठोकून खाली दाबायची. एवढ्यानेच फूल वर उठून आल्यासारखं दिसतं. खरं म्हणजे फूल जागेवरच असतं, त्याच्या भोवतालचं खाली गेलेलं असतं.

दुसरी, ठसे मारणं. लाकडी किंवा कातडी हातोड्याने धातूचा ठसा ठोकायचा. लोखंडी हातोडा घेतला तर ठशाचं डोकं खराब होतं. ठशाखाली दगडाची किंवा फरशीची गुळगुळीत, जड पाटी हवी. टेबल डुगडुगत असेल तर अर्धा ठोका टेबलच खातं.

तिसरी, विणणं. चामड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांची वेणी घालणं. यात सगळं कसब वादी सारख्या रुंदीची कापण्यात आहे. वादी एका जागी जाड आणि दुसऱ्या जागी बारीक झाली की वेणी पिळवटते.

चौथी, छेदणं. चामड्याला भोकं पाडून नक्षी करणं. याचं मराठी मुलखातलं टोकाचं उदाहरण सिंधुदुर्गात आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या सावलीच्या बाहुल्या करतात. पातळ, अर्धपारदर्शक चामड्यावर रंग दिलेले असतात आणि भोकांतून प्रकाश येतो. सीतेचे दागिने पडद्यावर चमकतात ते या भोकांमुळे. तिथे नक्षी म्हणजे जे काढून टाकलं ते. या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पाचवी, रंगवणं. यात आपल्या घरोघरी पोचलेलं उदाहरण बंगालचं. शांतिनिकेतनच्या उठावदार नक्षीच्या रंगीत पाकिटा-पर्सा तुमच्या आईच्या कपाटात सापडतील. रवींद्रनाथांचे चिरंजीव रथींद्रनाथ आणि सून प्रतिमादेवी यांनी तिथे हे काम रुजवलं. चामड्यावर बाटिक करणं, म्हणजे रंग नको त्या जागा मेणासारख्या थराने झाकून बाकीचं रंगवणं, हे त्यांचं वैशिष्ट्य.

सजावट वरून लावलेली नसते

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे येऊ. कोल्हापुरी चप्पल. तुम्ही म्हणाल, मौद्याच्या माणसाने कोल्हापूरचं काय सांगायचं! पण आमच्या पिढीत नागपुरात कॉलेजात गेलेल्या पोराला कोल्हापुरी आणि झब्बा हा पोशाख ठाऊक नव्हता असं नाही. शिवाय आपल्याकडेही चामडं दिसायचंच. विहिरीवरची मोट चामड्याची होती. पोळ्याला बैलाच्या गळ्यात जी घुंगरमाळ घालतो, तिची घुंगरं ओवलेली असतात ती चामड्याच्या पट्ट्यावर.

कोल्हापुरी चपलेचा तळ साधारणपणे म्हशीच्या जाड चामड्याचा असतो, वेण्या शेळीच्या पातळ चामड्याच्या. तळाचे थर, त्यावर पायाचा पट्टा, अंगठ्याची गोल पट्टी, आणि दोन्ही बाजूंना चपटे ‘कान’. हे कान तळाच्या थरांत शिरून वरच्या पट्ट्याला धरतात. खास पारंपरिक जोडात खिळा नसतो. शिवण चामड्याच्याच वादीची. आरीने भोक पाडायचं, वादी ओढून घ्यायची. चामडं चामड्याला चामड्यानेच बांधतं. म्हणून तळ झिजला तर उसवून बदलता येतो.

आता नक्षी पाहा. पट्ट्यावरची वेणी आपल्याला शोभेची वाटते. पण पातळ चामड्याचा साधा पट्टा पायाच्या ओढीने ताणला जाईल, कडेला फाटेल. त्याच चामड्याच्या वाद्या विणल्या तर ओढ सगळ्या वाद्यांत वाटली जाते. तळाच्या कडेने जाणारी टाक्यांची ओळ आपल्याला किनारीसारखी दिसते, पण तीच थरांना एकत्र धरते. करकर वाजणाऱ्या जोडात तळाच्या थरांमध्ये बिया घालत. तोही दागिनाच, फक्त कानाचा. गोंडा आणि जर एवढेच निव्वळ शोभेचे. बाकी जे देखणं आहे, ते काम करतं म्हणून तिथे आहे.

सौंदर्यशास्त्रात आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो, की उपयोगी वस्तू वेगळी आणि सुंदर वस्तू वेगळी. एक ‘कारागिरी’, दुसरी ‘कला’. कोल्हापुरी जोड हातात घ्या आणि मला सांगा, उपयोग कुठे संपतो आणि सौंदर्य कुठे सुरू होतं? ही रेघ मुळात वस्तूत नाही. ती आपण समाजात ओढली आणि मग वस्तूत पाहू लागलो.

रेघ कुणी ओढली

हा आजच्या बोलण्याचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून बोलतो.

गावगाड्यात मेलेलं जनावर ओढून नेणं, त्याचं कातडं सोडवणं, ते कमावणं आणि त्याच्या वस्तू करणं ही कामं वेगवेगळ्या जातींवर टाकलेली होती. जनावर ओढायचं महारांनी, कातडं कमावायचं ढोरांनी, जोडा शिवायचा चांभारांनी. यात एक विलक्षण तर्क होता. कातड्याला हात लावला म्हणून माणूस अस्पृश्य, पण त्याच कातड्याची चप्पल घालून पाटील चावडीवर मिरवणार, त्याच कातड्याने मढवलेला मृदंग देवळात वाजणार, त्याच कातड्याच्या मोटेतलं पाणी सगळं गाव पिणार. वस्तू शिवली तर चालते आणि ती करणारा चालत नाही. हा तर्क कुठल्याही न्यायशास्त्रात बसत नाही.

आपल्या भाषेतही हे दिसतं. अतिशय कृतज्ञता दाखवायची असेल तर आपण म्हणतो, माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घालीन. आणि कुणाला त्याची जागा दाखवायची असेल तर वहाणेने पायातच राहावं असं ऐकवतो. जोडा एकाच वेळी सेवेचं आणि अपमानाचं चिन्ह आहे.

यातून बाहेर कसं पडायचं, याचे दोन रस्ते विसाव्या शतकात आपल्याच भागात, वर्धा आणि नागपूर इथे, समोरासमोर आले. ते आपण नीट समजून घ्यावेत.

एक रस्ता गांधीजींचा. त्यांनी दक्षिण आफ्रिकेत स्वतः चपला करायला शिकून घेतलं होतं. त्यांचे सहकारी कॅलनबाख ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात हे काम शिकून आले आणि त्यांच्याकडून गांधीजी शिकले. स्वतः केलेला एक जोड त्यांनी १९१४ मध्ये जनरल स्मट्स यांना दिला. तुरुंगात टाकणाऱ्याला दिलेली ही भेट स्मट्स यांनी १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तरीच्या निमित्ताने, आदराने परत पाठवली. पुढे वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. तिथे आपोआप मेलेल्या जनावरांचं कातडं कमावत. गांधीजींचं म्हणणं असं : काम हलकं नाही, आपली दृष्टी हलकी आहे. सवर्णांनी हे काम करावं, त्यात विज्ञान आणावं, म्हणजे कामाला प्रतिष्ठा येईल.

दुसरा रस्ता बाबासाहेबांचा. त्यांनी आपल्या लोकांना सांगितलं, मेलेली जनावरं ओढणं सोडा, मृतमांस सोडा. त्यावर लोक म्हणू लागले, अहो, त्यात पैसा आहे, कातडं विका, हाडं विका, का सोडता? धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी या युक्तिवादाचा समाचार घेतला. आशय असा, की त्यात एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, आम्हाला इज्जत हवी आहे.

वरवर पाहता हे दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. एक म्हणतो करा, दुसरा म्हणतो सोडा. पण प्रश्न वेगळे आहेत हे लक्षात घ्या. गांधीजी विचारतात, हे काम चांगलं की वाईट? बाबासाहेब विचारतात, हे काम माझ्यावर जन्माने लादलं गेलं आहे की मी निवडलं आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘चांगलं’ असं आलं, तरी दुसरा प्रश्न तसाच उरतो. ज्याला नाही म्हणण्याचा अधिकार नाही, त्याला कामाच्या प्रतिष्ठेवर प्रवचन देऊन उपयोग नसतो. माझं मत विचाराल तर क्रम असा आहे : आधी सोडण्याचं स्वातंत्र्य, मग निवडण्याचा आनंद. आज शहरातली मुलं छंद म्हणून चामड्याचं पाकीट शिवतात आणि त्याचे फोटो टाकतात. चांगलंच आहे. त्यांना हा छंद कुणी विटाळ म्हणत नाही, हे स्वातंत्र्य कुणीतरी लढून मिळवलं आहे, एवढी जाण असावी.

नाव आणि रूप

आता ताजी गोष्ट. जून २०२५ मध्ये मिलान इथे प्राडा या इटालियन कंपनीच्या फॅशन शोमध्ये पुरुषांच्या पायात हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या. सुरुवातीला कंपनीने त्यांना नुसतं चामड्याचं सँडल म्हटलं. कोल्हापूरचं नाव नाही, भारताचं नाही. आपल्याकडे गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं, तेव्हा कंपनीने प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं.

अनेकांना वाटलं, अहो, कोल्हापुरीला तर जीआय आहे, मग खटला भरा! इथे कायदा समजून घेतला पाहिजे. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. त्याची नोंद दोन सरकारी महामंडळांच्या नावे आहे, आपलं लिडकॉम म्हणजे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ, आणि कर्नाटकचं लिडकर. हे मानांकन संरक्षण देतं ते ‘कोल्हापुरी’ या नावाला. आठ जिल्ह्यांबाहेर केलेली चप्पल कुणी ‘कोल्हापुरी’ म्हणून विकली तर गुन्हा. पण रूप घेतलं आणि नाव घेतलंच नाही तर? मग हा कायदा फारसं काही करू शकत नाही. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, तीही जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत मालक तिथे याचक नव्हते.

आपल्याकडे वेदान्तात आणि बौद्ध विचारातही ‘नामरूप’ हा जोडशब्द आहे. वस्तू ओळखली जाते ती नावाने आणि रूपाने. कायद्याने ही जोडी फोडली. नाव सांभाळलं, रूप मोकळं सोडलं. आणि नाव न सांगता रूप घेणं, हाच तर गावगाड्याचा जुना व्यवहार होता! वस्तू घ्यायची आणि करणाऱ्याला दाराबाहेर ठेवायचं. मिलानमध्ये जे झालं त्याचा आपल्याला राग आला, तो योग्यच. पण हाच राग आपल्याला आपल्या अंगणात किती वेळा आला होता, हेही स्वतःला विचारलं पाहिजे. चप्पल करणाऱ्याचं नाव आपल्यापैकी किती जणांनी विचारलं?

या प्रकरणाचा पुढचा भाग बरा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने लिडकॉम आणि लिडकर यांच्याशी करार केला. सुमारे २,००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, किंमत साधारण ८०० युरो, असं जाहीर झालं. त्यातलं कारागिराच्या हातात किती पडतं, हे आपण पाहत राहायचं.

प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात एक गंमतीदार उदाहरण दिलं आहे. घोड्याच्या लगामाचं. लगामाचं चित्र काढणारा चित्रकार असतो, लगाम करणारा चर्मकार आणि लोहार असतो, आणि लगाम वापरणारा घोडेस्वार. प्लेटो म्हणतो, लगाम कसा असावा हे खरं कळतं घोडेस्वाराला, करणाऱ्याला त्याच्याकडून कळतं, आणि चित्रकाराला काहीच कळत नाही. नक्कल करणाऱ्याबद्दल प्लेटो बरोबर बोलला असं आज कुणी म्हणेल. पण मला त्याच्याशी एका जागी भांडायचं आहे. करणाऱ्याचं ज्ञान वापरणाऱ्याकडून उसनं येतं, हे मला पटत नाही. चामडं गालाला किती गार लागलं की ठसा मारायचा, हे घोडेस्वाराला काय माहीत? वेणीची वादी किती ओढायची हे घालणाऱ्याच्या पायाला कळत नाही. हे ज्ञान बोटांत असतं, शब्दांत पूर्ण उतरत नाही, म्हणून ते ज्ञानच नाही असं आम्ही पंडितांनी ठरवून टाकलं. कोल्हापुरात पट्टे आणि वेण्यांचं पुष्कळ काम घराघरांतल्या बायका करतात. त्यांच्या नावाने पाटी नसते. म्हणजे न सांगितलेल्या नावांच्याही आत आणखी न सांगितलेली नावं आहेत.

सुरुवात करायची असेल तर

इथे तरुण मंडळी आहेत, म्हणून थोडं व्यवहाराचं. पहिलं काम चपलेचं करू नका. चप्पल शरीराचं वजन पेलते, तिथे चूक बोचते. चष्म्याचं घर, किल्ल्यांची पट्टी, वहीचं वेष्टन यांपासून सुरू करा. दीड ते दोन मिलिमीटर जाडीचं, सालीत कमावलेलं चामडं घ्या. धारदार रापी, आरी, दोन बोथट सुया, मेण लावलेला दोरा आणि दोन-तीन ठसे एवढं पुरे. कड पाण्याने किंचित ओली करून गुळगुळीत लाकडाने घासत राहिलं की ती काचेसारखी चमकते.

शिवण दोन सुयांची शिका. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा नुसते एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. दोन सुयांच्या शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात. म्हणून बैलांचे आणि घोड्यांचे साज पूर्वी असे शिवत.

आणि शिकायला व्हिडिओ पाहा, हरकत नाही. पण जवळच्या चर्मकाराकडेही जा. रस्त्याच्या कडेला छत्रीखाली बसलेल्या माणसाला रापीची धार कशी लावायची ते विचारा. शिकवल्याचे पैसे द्या, आणि नाव विचारा.

निवडक प्रश्नोत्तरं

*प्रश्न : सर, चामडं वापरणं हिंसा नाही का? त्यापेक्षा कृत्रिम लेदर बरं नाही का?*

प्रश्न रास्त आहे. ज्याला जनावराची कोणतीच वस्तू नको, त्याच्या भूमिकेचा मी आदर करतो. पण बाजारात ज्याला ‘लेदर’ म्हणतात ते बरंचसं प्लॅस्टिक असतं. काही वर्षांत सोलून निघतं आणि नाल्यात जातं. तेव्हा हिंसा कुणावर, जनावरावर की जमिनीवर, हा हिशोब पूर्ण मांडावा लागतो. नालवाडीचा मार्ग, म्हणजे आपोआप मेलेल्या जनावराचं कातडं, हे एक प्रामाणिक उत्तर होतं. उलट बाजूही सांगतो. क्रोमचं सांडपाणी नीट शुद्ध केलं नाही तर तेही नदीचं नुकसान करतं. आपण कन्हानच्या काठी राहतो, आपल्याला नदीचं वेगळं सांगायला नको.

*प्रश्न : माझे वडील हेच काम करायचे. त्यांनी मला यातून बाहेर काढलं, शिकवलं. आता मला हे काम शिकावंसं वाटतं, तर घरचे नाराज आहेत. काय करू?*

वडिलांची नाराजी खरी आहे, तिची समजूत काढायची घाई करू नका. त्यांनी ज्या अपमानातून तुम्हाला सोडवलं, तोच तुम्ही परत ओढवून घेता आहात असं त्यांना वाटतं. त्यांना हे दिसू द्या, की त्यांच्यावर ते लादलेलं होतं आणि तुम्ही निवडता आहात. आणि निवडता आहात तर नीट निवडा : हिशोब शिका, वस्तूवर आपलं नाव घाला, किंमत स्वतः ठरवा. आणखी एक. रापी कशी धरायची हे त्यांनाच विचारा. बोटांतलं ज्ञान त्यांच्याकडे आहे. मुलाने ते आदराने मागितलं, तर कदाचित त्या कामाकडे तेही वेगळ्या नजरेने पाहतील.

*प्रश्न : तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने हाताचं काम शिकावं का?*

शिकावंच. याकोब ब्योमे हा जर्मन गूढवादी विचारवंत पेशाने चांभार होता. अॅरिस्टॉटल नीतिशास्त्राच्या सुरुवातीला विचारतो, सुताराला आणि चर्मकाराला आपापलं नेमून दिलेलं कार्य आहे, मग माणसाला माणूस म्हणून काही कार्य नाही का? आम्ही हा प्रश्न वर्गात फळ्यावर लिहून शिकवला. तुम्ही एकदा तो आरी हातात धरून वाचा. चामडं एकदा चुकीचं कापलं की पुन्हा जोडता येत नाही. त्यामुळे कापण्याआधी विचार करायची सवय लागते, आणि तत्त्वज्ञानाला तीच हवी असते.